जिन्यात अडकलेली इटली

इटली जिन्याच्या पहिल्याच वळणावर अडकली. आल्प्स पहिल्या मजल्याच्या कठड्याला जाऊन भिडले, बुटाची टाच खाली पत्रपेट्यांत रुतली, आणि मधला सगळा देश हवेत तिरपा लोंबकळत राहिला. त्याच्या खाली, रोम खांद्यावर घेऊन, प्रोफेसर नाझारेनो चिंगोलानी उभे होते.

"प्रोफेसर, जरा डावीकडे घ्या!" वरून कालोजेरो ओरडला.

"डावीकडे भिंत आहे!"

"मग उजवीकडे घ्या!"

"उजवीकडे मी आहे!"

कालोजेरोने वरून आणखी जोर लावला. तो सिसिलीचा. तुरीनच्या मोटारकारखान्यात त्याने उभा जन्म काढला होता आणि कोणतीही वस्तू कुठेही बसवता येते अशी त्याची ठाम समजूत होती. ती समजूत त्या दिवशी पहिल्यांदा हलली. अर्धा तास ढकलाढकल झाल्यावर देश पुन्हा खाली उतरवण्यात आला आणि बिल्डिंगीच्या दरवाजाजवळच्या मोकळ्या जागेत, दगडी फरशीवर, उताणा निजवण्यात आला. तिथून पुढे प्रोफेसरांची जी शोभा झाली तिला अंत नाही.

चिंगोलानींनी शाळेत आयुष्यभर भूगोल शिकवला. भूगोल शिकवणाऱ्याला शाळेत काय मान असतो ते सांगायला नको. गणिताचा मास्तर आजारी पडला की भूगोलाचा तास गणिताला, लॅटिनवाल्याला ताप आला की लॅटिनला, आणि भूगोलवाला स्वतः आजारी पडला तर कोणाला कळतही नाही. तरीही या गृहस्थाने वर्षानुवर्षं पोरांना हाताशी धरून प्लास्टरची इटली उभी केली होती. तीन मीटर लांब. डोंगर उंच, दऱ्या खोल, नद्यांना निळा रंग. समुद्र तेवढा नव्हता, कारण समुद्राला पुरेल एवढं प्लास्टर द्यायला शाळा तयार नव्हती. त्यामुळे सिसिली आणि सार्डिनिया हे दोन तुकडे सुटेच होते.

त्या जूनमध्ये मुख्याध्यापकांनी निरोप धाडला. "प्रोफेसर, तुम्हाला निवृत्त होऊनही बरीच वर्षं झाली. भूगोल आता पडद्यावर दिसतो. तुमची ती वस्तू घेऊन जा, नाहीतर कचऱ्यात जाईल."

वस्तू! देशाला वस्तू म्हणणाऱ्याच्या हाती शाळा दिली की आणखी काय होणार? प्रोफेसर तिरीमिरीत गेले आणि एका फुलवाल्याच्या टेम्पोत घालून, टाच मागे बाहेर लोंबत असलेली इटली घरी घेऊन आले. घर तिसऱ्या मजल्यावर आहे आणि लिफ्टमध्ये जेमतेम दोन बारीक माणसं मावतात, हे त्यांच्या ध्यानात टेम्पो निघून गेल्यावर आलं. उभ्या देशाची उंची तोंडपाठ असलेल्या माणसाला स्वतःच्या जिन्याची रुंदी ठाऊक नव्हती.

पण हा सगळा खटाटोप नुसत्या रागापोटी नव्हता. त्यामागे झोए होती.

झोए म्हणजे त्यांची नात. मुलगा फाब्रिझियो कॅनडात टोरांटोला स्थायिक झाला, तिथेच ही जन्मली. एका रविवारी फोनवर ती म्हणाली, "आजोबा, शाळा उघडली की वर्गात उभं राहून सांगायचंय, आपण मूळचे कुठले. आपण इटलीत कुठले?"

आजोबांनी घसा साफ केला, तेवढ्यात मागून फाब्रिझियोचा आवाज आला, "तुरीन सांग, तुरीन. सोपं पडेल."

सोपं पडेल! तुरीनला प्रोफेसर पोटासाठी आले होते. मूळ गाव पिएत्रासोला. मार्के प्रांतातल्या डोंगरात, चार गल्ल्या, एक देऊळ आणि भरपूर वारा. त्यांची बायको आर्जियाही तिथलीच. काही वर्षांपूर्वीच्या भूकंपात ते गाव बसलं. माणसांना खाली सपाटीवर लाकडी खोल्या मिळाल्या आणि गावाला कुंपण मिळालं, त्यावर 'आत जाण्यास मनाई' अशी पाटी. आर्जियाने ती पाटी टीव्हीवर पाहिली आणि त्याच हिवाळ्यात ती गेली. आता पिएत्रासोला उरलं होतं ते फक्त प्लास्टरच्या इटलीवर. डोंगराच्या एका खाचेत आर्जियाच्या शिवणाच्या डब्यातली लाल काचेच्या डोक्याची टाचणी खोचलेली होती, तेवढंच.

"जुलैत येते आहेस ना?" आजोबा फोनवर म्हणाले. "ये. सांगत बसत नाही. तुझं बोट धरून त्या जागेवर ठेवतो."

म्हणून इटली तिसऱ्या मजल्यावर जायला हवी होती. आणि ती दारात उताणी पडली होती.

पहिले दोन दिवस शेजाऱ्यांनी कौतुक केलं. तिसऱ्या दिवशी सल्ले सुरू झाले. पहिल्या मजल्यावरच्या तितीनाबाई, नेपल्सच्या, विधवा, आवाज असा की कुजबुजल्या तरी गच्चीवर कळावं. त्या भाजीची पिशवी व्हेसुव्हियस ज्वालामुखीवर टेकवून म्हणाल्या, "खिडकीतून घ्या ना प्रोफेसर! आमच्याकडे पियानो खिडकीतून चढवतात."

खिडकीतून घ्यायचं तर यंत्राची शिडी लावायची, शिडी लावायची तर रस्ता अडवायचा, आणि रस्ता अडवायचा तर परवाना. प्रोफेसर नगरपालिकेत गेले. पहिल्या खिडकीवरच्या माणसाने विचारलं, "वस्तू कसली?"

"इटली."

त्याने चष्म्यावरून पाहिलं. "कशाची?"

"प्लास्टरची."

"मग तो बांधकामाचा राडारोडा. दुसरी खिडकी."

दुसऱ्या खिडकीवर कळलं की राडारोडा खाली आणता येतो, वर नेता येत नाही. राडारोडा वर नेणारा माणूस त्यांनी आजवर पाहिला नव्हता. तिसरी खिडकी कलाकृतींची. तिथल्या बाईंनी आधी विचारलं, कलाकार हयात आहे का? प्रोफेसर म्हणाले, मीच. त्यावर बाई हिरमुसल्या. कलाकार हयात असला की प्रकरण फार लांबतं म्हणे. परवाना ऑगस्टनंतर मिळेल. ऑगस्टात सगळे सुट्टीवर, कोणीच नसतं.

प्रोफेसर घरी आले तर दारात मादाम गारोने उभ्या. दुसरा मजला, अस्सल तुरीनच्या, सात पिढ्या. हे सात पिढ्यांचं प्रकरण त्या लिफ्टमध्येही सांगतात.

"शिडी माझ्या दिवाणखान्याच्या खिडकीसमोरून जाणार असेल, प्रोफेसर, तर माझी हरकत आहे. मी आधीच सांगून ठेवते. उद्या कोणी म्हणायला नको की गारोनेंनी ऐनवेळी अडवलं."

तळघरात ओल. अंगणात प्रत्येक मोटारीची जागा आखलेली, आणि त्या आखलेल्या रेघांसाठी या बिल्डिंगीत माणसं कोर्टात गेलेली. शेवटी व्यवस्थापक पाउतास्सो यांनी बिल्डिंगीची सभा बोलावली. हिशेबाची परीक्षा पास झालेला माणूस, आणि ती पास झाल्याचं कोणाला विसरू देत नसे. सभेचे विषय त्यांनी दारावर लावले. पहिला : गच्चीची पन्हळ. दुसरा : कालोजेरोच्या कुंड्यांमधून टपकणारं पाणी. तिसरा : सायकली. चौथा : इटली.

सभा खालीच भरली, घडीच्या खुर्च्यांवर, देशाच्या भोवती गोल. पन्हळीवर तासभर भांडण झालं. कुंड्यांवर कालोजेरोने आपल्या मेलेल्या आईची शपथ घेतली. सायकली पुढच्या सभेवर ढकलल्या. वरच्या मजल्यांवरून कांद्याच्या फोडणीचा वास यायला लागला तेव्हा कुठे पाउतास्सो म्हणाले, "चौथा. प्रोफेसर, ही वाट अडली आहे. उद्या आग लागली तर आम्ही काय देशावरून उड्या मारायच्या?"

"कापा," कालोजेरो म्हणाला. "दोन तुकडे केले की जिन्यातून जातं. वर नेऊन चिकटवून देतो. माझ्याकडे पात्याचा ग्राइंडर आहे."

प्रोफेसरांनी देशावर दोन्ही हात आडवे धरले. पण झोए आठवड्याने येणार होती. आणि खरं सांगायचं तर दुसरा उपाय त्यांच्याकडेही नव्हता. ते मुकाट्याने मान हलवून मोकळे झाले.

"कुठे कापायचं?" पाउतास्सोंनी विचारलं.

हा प्रश्न या देशात विचारायचा नसतो. पण विचारला गेला खरा.

"पो नदीवर कापा," तितीनाबाई लगेच म्हणाल्या. "वर काय आहे? धुकं!"

"पोवर तर माझं तुरीन आहे! माझ्या घरावरून करवत?" मादाम गारोने उठून उभ्या राहिल्या. "कापायचंच असेल तर रोमच्या खाली कापा. देश तसाही तिथेच संपतो."

"काय म्हणालात? पुन्हा म्हणा! ऐकलंत ना सगळ्यांनी? अहो बाई, आम्ही भूमध्याचा मासळीबाजार सांभाळत होतो तेव्हा तुमचे सात पिढ्यांचे पूर्वज डोंगरात चेस्टनट सोलत होते!"

"तितीनाबाई, बसा."

"मी उभीच राहणार!"

"मला काही फरक पडत नाही," कालोजेरो दोन्ही हात वर करून म्हणाला. "माझी सिसिली वेगळीच आहे." सार्डिनियाचा एफिझियो काहीच बोलला नाही. तो कधीच काही बोलत नाही. तो उठला, आपला तुकडा काखेत मारला आणि लिफ्टने वर निघून गेला. सबंध सभेत शहाणपणाचं एवढं एकच काम झालं.

मग रोम कोणत्या तुकड्यात जाणार यावर वाद पेटला. गारोनेबाईंना ते वरच्या भागात नको होतं, तितीनाबाईंना खालच्या. राजधानी कोणालाच नको, एवढ्या एकाच गोष्टीवर बिल्डिंगीचं एकमत झालं.

इथे प्रोफेसरांच्यातला मास्तर जागा झाला. झाला तो कशाला झाला असं पुढे त्यांनाच वाटलं. ते खुर्ची मागे सारून उभे राहिले आणि वर्गात बोलावं तसं बोलले. "शरम वाटायला हवी! प्रत्येकाला आपली गल्ली तेवढी दिसते. भूगोल शिकलेल्या माणसाला प्रांत नसतो. मला विचाराल तर मी कुठलाच नाही. हा सगळाच्या सगळा देश माझा!"

छान बोलले. तितीनाबाईंनी तर डोळे टिपले. पाउतास्सोंनी संधी साधली. "मग ठरलं. प्रोफेसर कुठलेच नाहीत, म्हणजे त्यांचं मत सगळ्यांच्या बाजूचं. आता कोणाचंच काही नाही अशी जागा शोधा." त्यांनी पेन्सिल घेतली आणि तोस्कानाच्या खालच्या भागातून, रोमच्या वरून, आंकोनाच्या दिशेने एक रेघ ओढली. "इथे कोणी राहतं?"

"अरेत्झो वाचवा," गारोनेबाई म्हणाल्या. "माझ्या यजमानांनी तिथे लष्करी नोकरी केली. एक बोटभर खाली घ्या."

पाउतास्सोंनी रेघ बोटभर खाली घेतली. ती मार्केच्या डोंगरातून, एका लाल टाचणीवरून नीट सरळ गेली.

"इथलं कोणी आहे बिल्डिंगीत?"

सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. वरून फोडणी करपल्याचा वास आला. प्रोफेसरांच्या ओठांवर शब्द आला होता. पण आत्ताच, जेमतेम मिनिटापूर्वी, हात वर करून ते सगळ्या बिल्डिंगीला शरम वाटायला लावून बसले होते. आता काय तोंडाने सांगणार, की थांबा हो, माझीही एक गल्ली आहे?

"प्रोफेसर, तुमची हरकत?"

"नाही," प्रोफेसर म्हणाले.

या बिल्डिंगीत मतं डोक्यांनी मोजत नाहीत, घराच्या आकाराने मोजतात. गारोनेबाईंचं घर सगळ्यांत मोठं, म्हणून त्यांचा हात सगळ्यांत जड. एवढ्या जड हाताने ठराव पास झाला आणि मंडळी जेवायला पळाली.

सकाळी कालोजेरो ग्राइंडर घेऊन आला, डोळ्यांवर कारखान्यातला जुना चष्मा. रेघेवर वाकला आणि थांबला. "इथे टाचणी आहे. काढा, पातं खराब होईल."

प्रोफेसरांनी टाचणी काढून कोटाच्या वरच्या खिशात टाकली. पातं फिरलं. रेघ म्हटली की माणसाला वाटतं, रेघेला काय जाडी असते! पण पातं जाड होतं आणि प्लास्टर जुनं. दोन्ही कडांनी ते वाळक्या पावासारखं ढासळलं. धुरळा खाली बसला तेव्हा मधली दोन बोटं रुंदीची पट्टी नाहीशी झालेली होती. तिची पांढरी पूड फरशीच्या सांध्यांत जाऊन बसली.

"काही गेलं नाही," कालोजेरो फुंकर मारून म्हणाला. "कोणाचंच नव्हतं तिथे."

वरचा अर्धा भाग नीट गेला. खालचा अर्धा तितीनाबाईंच्या भाच्याने आणि कालोजेरोने उचलला. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर तितीनाबाई ओरडल्या, "व्हेसुव्हियस वर ठेव रे, व्हेसुव्हियस वर!" भाच्याने वर पाहिलं, कालोजेरोने त्याला शिवी दिली, शिवीला उत्तर द्यायला त्याने एक हात सोडला, आणि दक्षिण इटली गारोनेबाईंच्या दारासमोर फुटली. त्यांच्या संगमरवरी पायरीचा टवका उडाला.

मग जे झालं ते चोरी म्हणावं की मदत, ते तुम्हीच ठरवा. तितीनाबाईंनी नेपल्स ओच्यात उचललं. "माझ्याकडे सुरक्षित राहील हो, प्रोफेसर." कालोजेरोने सिसिली कधीच नेली होती, आता तो टाचेचा तुकडा घेऊन गेला, बायको तिकडची म्हणून. गारोनेबाईंनी पायरीबद्दल भरपाई मागितली, आणि ती प्रोफेसरांच्या घरी सुखरूप पोचलेल्या वरच्या अर्ध्यातून तुरीनचा पीडमाँट प्रांत तोडून वसूल केली. संध्याकाळपर्यंत प्रोफेसरांच्या दिवाणखान्यात मिलान, थोडी पो नदी, कापलेल्या कडेपर्यंतचे डोंगर आणि रोम उरलं. रोम अजूनही कोणाला नको होतं.

आणि झोए आली. उंच झाली होती, दातांना तारा लावलेल्या. "आजोबा, दाखवा ना!"

काय दाखवणार, कपाळ? पण आजोबांनी तिला हात धरून जिना उतरवला आणि एकेक दार वाजवलं. एफिझियोने सार्डिनिया दाखवली आणि न बोलता तिच्या हातात चीजचा एवढा मोठा तुकडा दिला. कालोजेरोने सिसिली दाखवली, टीव्हीवर लेसच्या रुमालावर ठेवलेली, आणि तिला रिकोटा नावाचं मऊ चीज भरलेल्या गोड नळ्या चारल्या. गारोनेबाईंनी पीडमाँट काचेच्या कपाटात ठेवला होता. तिथे हात लावायचा नव्हता, फक्त चॉकलेट घ्यायचं होतं आणि सात पिढ्या ऐकायच्या होत्या. तितीनाबाईंनी तर पोरीला सोडलंच नाही. पास्ता, वांगी, वर केक. नेपल्स फ्रीजवर, बाजूला दिवा. "हात लाव, हात लाव माझ्या राणी! हा डोंगर बघितलास? आत आग आहे. इटली म्हणजे हे. बाकी सगळा इथे पोचायचा रस्ता!"

झोएने व्हेसुव्हियसच्या तोंडात बोट घातलं आणि खुदकन हसली.

वर आल्यावर ती सोफ्यावर पोट धरून बसली. "इटली मस्त आहे, आजोबा. आता आपलं दाखवा."

आजोबांनी खिशातून टाचणी काढली. मिलानच्या तुकड्याची कापलेली कड आणि रोमच्या तुकड्याची वरची कड जमिनीवर समोरासमोर मांडली. त्यांनी तिचं बोट धरलं आणि दोन तुकड्यांच्या मधल्या फटीवर नेलं. बोट खालच्या गालिच्याला लागलं.

"इथे?"

"इथे."

"इथे तर काहीच नाहीये."

"होतं," आजोबा म्हणाले. "तुझी आजी इथली."

झोएने आजोबांच्या तोंडाकडे पाहिलं. शहाणी पोर ती. तिने टाचणी घेतली, कुठे खोचावी ते तिला कळेना, तेव्हा ती परत त्यांच्या खिशाला लावून दिली.

सप्टेंबरमध्ये फोन आला. "आजोबा, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या! मी नेपल्स सांगितलं. त्याला डोंगर आहे ना, फळ्यावर पटकन काढता आला."

"शाबास," आजोबा म्हणाले. "छान केलंस, बेटा." आणि फोन ठेवून त्यांनी खिशाची टाचणी चाचपली. रागवावं तर कोणावर? तितीनाबाईंवर? बिचारीने पोरीला वांगी खाऊ घातली होती. आजोबांनी स्वतः काय दिलं? गालिचा.

ऑक्टोबरात पुन्हा सभा. पन्हळ, कुंड्या, सायकली. शेवटचा विषय : दारातल्या फरशीच्या सांध्यांत राहिलेले पांढरे डाग. पाउतास्सोंनी सांगितलं की आम्लाने घासणारा माणूस मिळाला आहे, तासाभरात निघेल. "सगळे अनुकूल ना? चला, उशीर होतोय."

एक हात वर आला.

"प्रोफेसर? तुम्हाला काही विचारायचंय?"

"विरोध," प्रोफेसर म्हणाले. आवाज त्यांचा त्यांनाच अनोळखी वाटला.

"डागाला विरोध?"

"डाग काढायला."

खुर्च्या करकरल्या. तितीनाबाई कालोजेरोच्या कानाशी लागल्या, "एकटे राहतात ना, असंच होतं." ते सगळ्या जिन्याला ऐकू गेलं. गारोनेबाईंनी आपला जड हात वर केला आणि ठराव तिथेच पास झाला.

"विरोध नोंदवायचा तर कारण लागतं, प्रोफेसर," पाउतास्सो पेन उघडून म्हणाले.

प्रोफेसर उठले. या खेपेला ते वर्गात बोलल्यासारखं बोलले नाहीत. फरशीकडे बोट दाखवून म्हणाले, "मी तिथला आहे."

पाउतास्सोंनी फरशीकडे पाहिलं, मग प्रोफेसरांकडे. वरून फोडणीचा वास यायला लागला होता. त्यांनी लिहून घेतलं : विरोध एक, चिंगोलानी, तिसरा मजला.